‘क्रूनर’ला भावगायक म्हणायचं का?

फोंडेकर: आमच्या वाड्यावरच्या कार्यक्रमात निवेदकाने बिंग क्रॉस्बी या अमेरिकन ‘क्रूनर’ला, म्हणजे माइकजवळ हळुवार गाणाऱ्या गायकाला, ‘अमेरिकेचे भावगायक’ म्हटलं. शेजारी ५० वर्षं पेटीवर भावगीतं गाणारे काका बसले होते. हळूच म्हणाले, “आणि मग आम्ही कोण?” तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. भावगायक ओळखला जातो तो काय गातो त्यावरून. आधी कविता, मग चाल, मग गळा. गजानन वाटवे गणेशोत्सवात भर चौकात कविता गायचे आणि लोक उभ्याने ऐकायचे. क्रूनर ओळखला जातो कसा गातो त्यावरून. १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, गळा ताणायची गरज उरली नाही आणि कानाशी बोलल्यासारखं गाणारे पुढे आले. त्यांना भावगायक म्हटलं की आपल्या शब्दातली कविताच निघून जाते.

म्हापसेकरीण: अजिबात पटलं नाही. अरुण दात्यांचा तो हळुवार गळा माइकशिवाय, आकाशवाणीशिवाय घराघरांत पोचला असता का? माइकने आपल्या गायकांनाही हळू गायला शिकवलं. शब्द घरात असताना उसना कशाला आणायचा?

मडगावकर: तुम्ही दोघंही गोवा विसरलात. आमच्याकडे बँडवर गाणाऱ्या कोणालाही क्रूनर म्हणतात, बाई असो की पुरुष. कोकणी गायिका लोर्ना ख्रिस पेरींच्या बँडमध्ये गायच्या. तो आवाज कुजबुजणारा नव्हेच, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन थडकणारा! त्यांना भावगायिका म्हणाल?

म्हापसेकरीण: नाही म्हणणार. पण तो इथे रुळलेला अर्थ झाला. मुळात ‘क्रून’ म्हणजे गुणगुणणं. माझी आई पाळण्याची दोरी ओढत गायची, ओठ जेमतेम हलायचे, ओवी मात्र शब्दन् शब्द कळायची. त्यात भाव नव्हता म्हणता?

फोंडेकर: होता, कोण नाही म्हणतंय! पण त्या माऊलीला कोणी नावं ठेवली नाहीत. क्रूनरांना ठेवली. १९३२ साली बोस्टनच्या कार्डिनल ओकॉनेल यांनी त्या गाण्यावर जाहीर कोरडे ओढले, असलं गाणं म्हणजे अधःपतन म्हणून. शब्दाला चिकटलेला तो डाग ‘भावगायक’मध्ये कसा उतरणार? आपल्याकडे तो मानाचाच शब्द आहे.

मडगावकर: हे मात्र खरं. रिसेप्शनला गाणाऱ्याला क्रूनर म्हणताना आमच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या सुरात थोडी नापसंती असायचीच.

म्हापसेकरीण: तरी ऐकणाऱ्याला कळेल असं काहीतरी द्यायला हवं ना?

फोंडेकर: पुढचं निवेदन माझ्याकडे आहे. ‘क्रूनर’ असंच लिहीन, लगेच माइकचं एक वाक्य घालीन. भावगायक म्हणून काकांचं नाव घेईन.