स्टॅपेलियाच्या फुलाला दुर्गंध आणि पावसात कुजणारी खोडे

मांजराकाठ (लातूर):
तीन वर्षांपूर्वी अंबाजोगाईच्या मावशीने मला ‘निवडुंग’ म्हणून एक रोप दिले. त्याची खोडे चौधारी, बिनकाट्याची आणि हाताला मखमलीसारखी लागतात. गेल्या भाद्रपदात त्याला फुग्यासारखी कळी आली आणि त्यातून वीतभर रुंदीचे, फिकट पिवळ्यावर तांबड्या रेघा असलेले पाच पाकळ्यांचे फूल उमलले. परंतु त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येत होता आणि मधोमध माशांनी पांढरी अंडी घातली होती. सासूबाईंनी त्याच दिवशी कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात, पन्हळीखाली नेऊन ठेवली. यंदा पाऊस लागल्यापासून खोडे बुडाशी काळी पडून मऊ होत आहेत. त्या अळ्यांनीच झाड आतून पोखरले असेल का? कुंडीत शेतातली काळी माती आणि शेणखत आहे.

बालाघाटी (बीड):
ताई, वर्णनावरून हे स्टॅपेलिया जायगँशिया दिसते. निवडुंगाचे कूळ मुख्यतः अमेरिकेतले. हे झाड आफ्रिकेच्या दक्षिण भागातले असून आपल्या रुईच्या कुळातले आहे. रुईप्रमाणेच याचे परागकण सुटे नसतात, तर त्यांचे गठ्ठे बनलेले असतात, आणि ते फुलावर बसलेल्या माशीला अडकून दुसऱ्या फुलापर्यंत जातात. सडक्या मांसाचा वास हे त्या माशीसाठीचे आमिष आहे. ती फसून अंडी घालते, अळ्या निघतात आणि खायला मांस नसल्याने उपाशी मरतात. त्या खोडाला तोंडही लावत नाहीत. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्टॅपेलियाच्या अख्ख्या गटाला १६३६ मध्ये वारलेल्या फान स्टॅपेल या डच वैद्याचे नाव दिले. हा मान त्याला कितपत रुचला असता, कोण जाणे.

तुमच्या झाडाचा घात पन्हळीने आणि काळ्या मातीने केला आहे. आपली कापसाची जमीन पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण कुंडीत मात्र दोष ठरतो. आज्जच झाड उपटा, प्रत्येक खोड काळ्या भागाच्या बरेच वर कापा आणि काप पाहा: मध्यभागी तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी वर, स्वच्छ हिरवा गर लागेपर्यंत कापत जा, आणि दर वेळी सुरी पुसून घ्या. हे तुकडे पावसापासून दूर, सावलीत आठवडाभर सुकू द्या. त्यानंतर दोन भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग माती आणि थोडा विटांचा चुरा अशा मिश्रणात, उथळ मातीच्या कुंडीत, जेमतेम बोटाचे एक पेर खोल लावा. पहिले आठ दिवस पाणी देऊ नका.

गोदाकाठ (नांदेड):
वरील सल्ला योग्य आहे. मात्र शेणखत पूर्ण टाळावे, कारण त्याने खोडे फोपशी होतात आणि लवकर सडतात. जुन्या मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण समजावा आणि ती माती पुन्हा वापरू नये. याला भरपूर ऊन लागते असे सगळीकडे लिहिलेले असते, पण ते आपल्याकडच्या वैशाखाचा विचार न करता लिहिलेले असते. माझी कुंडी पश्चिमेच्या भिंतीलगत होती तेव्हा खोडे जांभळट पडून सुरकुतली; पूर्वेला हलवून, दुपारी शेडनेटखाली ठेवल्यावर सावरली. थंडीत महिन्यातून एखादे पाणी पुरते. कळ्या नव्या खोडांच्या बुडाजवळ येतात, त्यामुळे जुनी, वाळकी खोडे काढत राहावीत, आणि कळी धरल्यावर कुंडी हलवू नये. जागा बदलली की ती गळते, असा माझा अनुभव आहे.

मांजराकाठ (लातूर):
अकरांपैकी चार खोडांत स्वच्छ गर निघाला. ती जिन्याखाली वर्तमानपत्रावर सुकत ठेवली आहेत. फूल तीन-चार दिवसांत मिटते, हे सासूबाईंना सांगितले. तेवढे दिवस गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायच्या नाहीत, या अटीवर त्यांनी कुंडीला पूर्वेची जागा दिली आहे.