जिन्याखालचं कपाट रद्दीत द्यायचं का? (सोसायटी ग्रुप, जळगाव)

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. ए विंगच्या जिन्याखालचं पुस्तकांचं कपाट रविवारी रिकामं करायचंय, वाळवी लागायला लागली. दिवाळी अंक ठेवू, बाकी रद्दीत. ज्यांनी पुस्तकं नेऊन परत आणली नाहीत त्यांची नावं टाकत नाही पण मला माहिती आहेत.

ए-302 वहिनी: रद्दीत कशाला भाऊ, त्यात शरदबाबू आहेत आमच्या सासूबाईंचे, म्हणजे शरच्चंद्र चॅटर्जींच्या कादंबऱ्या, मामा वरेरकरांनी केलेले अनुवाद. सासूबाईंना कितीतरी वर्षं वाटायचं शरदबाबू आपल्याकडचेच कोणीतरी, बंगाली आहेत म्हटलं तर म्हणाल्या मग इतकं चांगलं मराठी कसं लिहितात

बी-104 सर: वहिनी, तोच तर घोळ आहे. अनुवाद म्हणजे शेवटी उष्टं. मी 31 वर्षं मराठी शिकवलं, माझं मत स्पष्ट आहे, मूळ भाषेत वाचा नाहीतर वाचू नका. आपल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडेंनी 25 व्या वर्षी कोसला कादंबरी लिहिली, 1963 साली. ती इंग्रजीत ककून म्हणून आली. आता त्यातलं ते सारखं येणारं उदाहरणार्थ आणि वगैरे इंग्रजीत काय डोंबल होणार सांगा

सी-201 ताई: सर तुमच्या शोकेसमध्ये भैरप्पांची कादंबरी पर्व आहे, मी पाहिलंय, मधलं पान पण दुमडलेलं होतं. भैरप्पा कन्नडमध्ये वाचले का तुम्ही

बी-104 सर: ते वेगळं. उमाताई कुलकर्णींचा अनुवाद आहे तो.

सी-201 ताई: 😀 सर

ए-302 वहिनी: सर सापडले

सी-201 ताई: आणि उमाताईंचं तर अजून भारी आहे, त्यांना कन्नड बोललेलं कळायचं पण लिपीची अडचण, मग विरूपाक्ष म्हणजे त्यांचे मिस्टर कन्नड वाचून टेप करून ठेवायचे आणि ह्या ते ऐकून मराठीत लिहायच्या. म्हणजे आपण जे मूळ मूळ करून राहिलो ते आधी कानातून गेलेलं आहे. आणि ज्यांनी आपल्या अमळनेरला शिकवलं त्या साने गुरुजींनी तर कुरल हा जुना तमिळ ग्रंथ मराठीत आणला, भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं म्हणून आंतरभारती काय उगाच म्हणत होते का

डी-402 काकू: मी गीतांजली श्रींचं रेत समाधि वाचलं, हिंदीतूनच, तेव्हा सरांना चालेल. 2022 ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ते इंग्रजी अनुवादाला, पण मला भाचीने हिंदी आणून दिलं. सुरुवातीला जड जातं बाई. 80 वर्षांची म्हातारी, नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते ती राहतेच, पानंच्या पानं उठत नाही. ह्यांच्या नंतर मी पण तशीच पडलेली होते, तुम्ही लोक डबे आणायचे बेल वाजवायचे आणि मी दार उघडायची नाही, आठवतं ना. ती उठली तर पार पाकिस्तानात गेली. मी आपली फैजपूरपर्यंत.

ए-302 वहिनी: काकू

ए-302 वहिनी: तेव्हा तुम्ही दार उघडलं नाही तर डबा आम्हीच खाल्ला होता, आता सांगते

बी-104 सर: काकूंचा आदर आहे. पण हे बुकर बिकर आलं की लोक वाचतात, नाहीतर कोण वाचतं? मध्यंतरी कन्नडला पण मिळालं म्हणे.

सी-201 ताई: 2025 ला, बानू मुश्ताक, हासनच्या, वकील आहेत. 12 कथा आहेत, हार्ट लॅम्प. कन्नडला पहिल्यांदाच मिळालं आणि कथासंग्रहाला पण पहिल्यांदाच. आणि सर 50,000 पौंडातले निम्मे दीपा भास्ती यांना, अनुवाद त्यांचा

सेक्रेटरी: निम्मे?? अनुवाद करणाऱ्याला?

सी-201 ताई: हो भाऊ निम्मे. आणि मला त्यांचं एक फार आवडलं, इंग्रजीत त्यांनी तिकडचे शब्द तसेच राहू दिलेत, तिरकी अक्षरं नाहीत, खाली तळटीप नाही. वाचणाऱ्याने घ्यावं समजून. आपल्याकडे कोणी पुण्याहून आलं तर आपण कळण्याची भाकरी म्हणजे काय ते आधी समजावत बसतो, खाऊ दे ना त्याला आधी

बी-104 सर: हे मात्र पटलं. थोडं.

सी-201 ताई: आता मोठा मेसेज टाकते, कंटाळा आला तर सोडून द्या. आमचे नाना, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वाचन बंद, दिवसभर टीव्ही आणि चिडचिड. मुलगी सुट्टीत आली तिच्याकडे विवेक शानभागांचं घाचर घोचर होतं, इंग्रजी, श्रीनाथ पेरूर यांनी केलेलं, एवढंसं पुस्तक आहे. ती रोज दुपारी कूलरसमोर बसून नानांना मराठीत सांगायची, वाचता वाचता तिथल्या तिथे. बंगळुरूचं घर आहे, आधी कडकी, घरात मुंग्या, मग चिक्कप्पा म्हणजे काका मसाल्याचा धंदा काढतो आणि पैसा येतो आणि मग घर बदलतं पण माणसं पण बदलतात, ते कसं ते सांगत नाही. तर नाना ते ऐकून संध्याकाळी आईंना अहिराणीत सांगायचे कारण आईंना दुपारी झोप लागते. म्हणजे कन्नडचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, मराठीची अहिराणी, सरांच्या हिशोबाने तीन वेळा उष्टं. आणि चौथ्या दिवशी आई मला स्वयंपाकघरात म्हणतात की त्या घरात बायकांनी त्या काकाला इतकं जपायला नको होतं. अगदी नेमकं तेच आहे हो त्या पुस्तकात! मला इंग्रजीत वाचून जे कळलं नव्हतं ते ह्यांना भाजी चिरताना कळलं. आणि सर, घाचर घोचर हा शब्द कन्नडमध्ये पण नाहीये. गोष्टीतल्या बायकोच्या माहेरी गुंत्याला तसं म्हणतात, त्या एका घरापुरता शब्द. म्हणजे कन्नड माणसाला पण तो समजावूनच घ्यावा लागतो. मग मूळ भाषा कुठली धरायची? आपल्याकडे अर्धी सोसायटी घरात अहिराणी नाहीतर लेवा बोलते आणि ग्रुपवर मराठी टाइप करते.

डी-402 काकू: आमच्याकडे गुंत्याला ह्यांचा शब्द होता गचमड. कुठून आणला होता देव जाणे. आता म्हणायला कोणी नाही घरात.

ए-302 वहिनी: आम्ही म्हणू काकू. पार्किंगचं गचमड झालंय हे कधीपासून सांगायचं होतं

सी-201 ताई: नाना व्हॉइस मेसेज टाकायला सांगत होते, जमला नाही, मी लिहून देते, ते म्हणताहेत "पुस्तकं रद्दीमा देवानं नही. मुंग्या आमना घरमा बी व्हत्यात. पोर गई, आते कोण वाची दखाडी?"

(बराच वेळ कोणाचा मेसेज नाही)

बी-104 सर: नानांना सांगा रविवारी मी येतो. पर्व आणतो, दुमडलेल्या पानापासून नाही, पहिल्यापासून. गच्चीवर बसायचं तर 5 ला फार तापलेली असते, 7 ला ठेवा.

डी-402 काकू: मी पण ऐकेन. वरण-बट्टी करते, तूप ज्याने त्याने आणा.

सेक्रेटरी: ठीक आहे, रद्दीवाल्याला नको म्हणून कळवतो. वाळवीचं औषध 2 डबे लागतील, वर्गणी नंतर सांगतो. खुर्च्या पण कमी पडतील, वाढदिवसाला नेलेल्या 4 अजून आल्या नाहीत.

ए-302 वहिनी: आमच्याकडे आहेत भाऊ. आणते.