मिथॅनोसार्सिना नक्की कोणत्या कुळात?

चोपड्याची विद्यार्थिनी:
सर्वांना नमस्कार. मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राला आहे. आमच्या खळ्याजवळ आजोबांनी बांधलेला गोबरगॅस आहे, म्हणून सेमिनारला मिथेन करणाऱ्या जंतूंचं वर्गीकरण घेतलं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात हे सगळे जंतू मिथॅनोबॅक्टेरिएसी या एकाच कुळात आहेत. मॅडमच्या नोट्समध्ये मात्र मिथॅनोसार्सिनाचं कुळच काय, गणही (कुळाच्या वरचा गट) वेगळा. कोणतं धरू?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव:
बेटा, मॅडमच्या नोट्स धर. पण जुन्या पुस्तकाचा विचारही सांग, नाहीतर बदल का झाला ते कळणार नाही. १९५६ मध्ये बार्कर यांनी मिथेन करणं हीच कुळाची खूण मानली, आणि १९७४ च्या बर्जी मॅन्युअलमध्येही (जंतूंच्या वर्गीकरणाचा प्रमाण ग्रंथ) तेच राहिलं. काडीसारखा मिथॅनोबॅक्टेरियम आणि पुंजक्यांनी राहणारा मिथॅनोसार्सिना एका घरात! रावेर-यावलला सगळेच केळी लावतात, म्हणून सगळ्यांचं आडनाव एक होत नाही.

१९७७ मध्ये वोज आणि फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनएवरून दाखवलं की हे जीव बॅक्टेरियाच नाहीत. १९७९ मध्ये बाल्च, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी त्याच आधारावर तीन गण आणि चार कुळं मांडली. सार्सिनाला तेव्हाच स्वतःचं कुळ मिळालं, मिथॅनोसार्सिनेसी. स्वतंत्र गण नंतर झाला.

मिथॅनोबॅक्टेरिएसीची मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे पेशीची भिंत. ती स्यूडोम्युरिन नावाच्या पदार्थाची असते, तिच्यात बॅक्टेरियाच्या भिंतीतलं म्युरॅमिक आम्ल नसतं, त्यामुळे पेनिसिलिनचा तिच्यावर परिणाम होत नाही. सार्सिनात ही भिंत नाही. हा फरक फळ्यावर काढून दाखव.

रावेरचा शेतकरी:
सर, कुळ कोणतंही असो, आमचा प्लांट मागे बंद पडला होता. केळीचा बराच कचरा एकदम टाकला, आंबूस वास सुटला, गॅस पेटेना. शेणही होतंच की आत.

निवृत्त प्राध्यापक, जळगाव:
दादा, इथे कुळाचाच प्रश्न आहे. कचरा कुजवून आम्ल करणारे जंतू भराभर वाढतात, मिथेनवाले हळू. मिथॅनोबॅक्टेरिएसीतले बहुतेक हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतात, साठलेलं ॲसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) त्यांच्या कामाचं नाही. ते संपवतात मिथॅनोसार्सिना आणि मिथॅनोथ्रिक्स, आणि प्लांटमधला बराचसा मिथेन त्याच वाटेने येतो. आम्ल फार वाढलं तर तेही थांबतात. काही दिवस कचरा बंद ठेवा, चालू प्लांटची स्लरी आणून घाला, मग थोडं थोडं वाढवा.

चोपड्याची विद्यार्थिनी:
म्हणजे आमच्या टाकीत दोन्ही कुळं असतील? आणि गाईच्या पोटातला तो मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर?

निवृत्त प्राध्यापक, जळगाव:
असणारच. मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर रुमिनान्टियम हा मिथॅनोबॅक्टेरिएसीतलाच. १९७९ पर्यंत त्याला मिथॅनोबॅक्टेरियमच म्हणत, त्याच वर्षी मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर हा नवा वंश (जीनस) झाला. तो रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला. शेणाबरोबर टाकीत उतरतो.

विभागात फ्लुरोसेन्स सूक्ष्मदर्शक असेल तर ताज्या स्लरीचा थेंब ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात बघ. एफ-४२० या सहघटकामुळे (एन्झाइमला मदत करणारा रेणू) मिथेनवाले निळसर-हिरवे चमकतात. मिथॅनोथ्रिक्स फार फिका दिसतो, तो नाही असं पटकन लिहू नकोस. स्लाइडचे फोटो इथे टाक, मला बघायचे आहेत.