मदत हवी आहे : मॅसॅच्युसेट्समधल्या अविवाहित पणजआत्याचा माग

नवरा अमेरिकन, त्यामुळे सासरची वंशावळ शोधायची म्हणजे न्यू इंग्लंडचे (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागाचे) प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्रं आणि इस्टेटीच्या वाटणीचे कोर्टातले कागद उपसायचे. त्याच्या एका पूर्वजाची बहीण एसेक्स काउंटीत राहायची, लग्न केलं नाही. 1790च्या दशकातल्या वडिलांच्या मृत्युपत्रात ती आहे: लग्न होईपर्यंत घरातली एक खोली, विहिरीचं पाणी आणि दरवर्षी सरपण, तेही भावाने तोडून आणून द्यायचं. (बापाचा भावावर फारसा भरवसा नसावा!) त्यानंतर बाई गायब.

1840पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे. तिच्या नावाची प्रोबेट फाइल अनुक्रमणिकेत नाही. पण अविवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता यायची, मृत्युपत्र करता यायचं, म्हणून आशा सोडवत नाही. मूलबाळ नसल्याने वाटणीच्या कागदात भाचे-पुतणे नावानिशी सापडतील, मला खरं तर तेच हवे आहेत.

भावाच्या मृत्यूनंतरच्या इस्टेटीच्या हिशेबात तिचा जेवणखाणाचा किंवा दफनाचा खर्च दाखवलेला असतो का? की आधी जमिनीचे दस्त बघू? भावाने घर विकलं असेल तर खोलीवरचा हक्क तिने कुठेतरी सोडून दिला असणार ना? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर हस्तलिखितांमधला मजकूर शोधण्याची सोय कुणी वापरली आहे का? आडनावाची स्पेलिंगं दर पानाला बदलतात, तिथे काय युक्ती करता?