टेस्टिंगमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय, पण शिरायचं कुठून?

कोरीपाटी:
मंडळी, विचारू का नको करत बरेच दिवस गेले, आज विचारतेच. साडेचार वर्षं क्यूएमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलीत, आधी मॅन्युअल, आता ऑटोमेशन. प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचंय. पगार हे कारण नाही (म्हणजे आहेच, खोटं कशाला बोला), पण बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, नोंदवताना दर वेळी मनात येतं की हे फीचर असं का केलं आणि मुळात केलंच का. मागच्या रिलीजला मी एकाच स्क्रीनवर २३ बग काढले, डेव्हलपर लोकांनी रात्री जागून सगळे फिक्स केले, आणि महिन्याभराने कळलं की ती स्क्रीन कोणी उघडतच नाही. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

तर एमबीए लागतंच का? सर्टिफिकेट कोर्सचा उपयोग होतो का? प्रोजेक्ट मॅनेजर आणि हे एकच का? सात ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे "पीएमचा (म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरचा) अनुभव हवा". म्हणजे वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

बॅकलॉगवाला:
मी सपोर्टमधून आलोय, कस्टमरचे फोन घ्यायचो, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

सोपं आधी उरकतो. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे ठरलेलं काम वेळेत आणि बजेटात पार पाडणारा. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काय करायचं, कोणासाठी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचंच नाही हे ठरवणारा. प्रॉडक्ट ओनर ही स्क्रममधली (छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत) भूमिका, बऱ्याच कंपन्यांत पीएमच ती निभावतो, काही ठिकाणी माणूस वेगळा असतो. एमबीए असेल तर वाईट नाही, नसेल तर अडत नाही. गूगलने २००२ साली असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर प्रोग्रॅम काढला तो कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठीच, म्हणजे अनुभवाशिवाय दार उघडतं, पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, त्यांच्या भरवशावर बसू नका.

आता मुद्द्याचं. हे काम सॉफ्टवेअरमध्ये जन्मलंच नाही, ते साबणातून आलंय. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय नावाचा माणूस कॅमे साबणाच्या जाहिराती बघायचा. त्याच कंपनीचा आयव्हरी साबण जोरात, त्याच्यापुढे कॅमेकडे लक्ष द्यायला कोणी नाही. त्याला दोन माणसं जास्तीची हवी होती म्हणून त्याने तीन पानांचा मेमो लिहिला, की एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस हवा, त्याने विक्रीचे आकडे बघायचे, जिथे माल खपत नाही तिथे स्वतः जाऊन का खपत नाही ते शोधायचं, उपाय करायचा आणि फरक पडला का तेही तपासायचं. आजच्या पीएमच्या कामाचं मूळ बरेच जण त्या मेमोत बघतात. पुढे हा माणूस अमेरिकेचा संरक्षण मंत्री झाला, तो भाग वेगळा. सांगायचं कारण असं की त्याने असली नोकरी कुठे शोधली नाही, ती नव्हतीच, बसल्या जागेवरून कामाचं वर्णन लिहून दिलं. तुम्ही बाहेर सात अर्ज केलेत, आतल्या आत किती केले?

आकडेमोड:
रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

आकडेमोड:
हां, आता लिहितो. बॅकलॉगवाल्यांना +१, पण त्यांनी आकड्यांचं सोडून दिलं. त्या २३ बगवाल्या स्क्रीनचं तुम्हाला महिन्याभराने कळलं ना, ते डेव्हलपमेंटच्या आधी कळायला हवं होतं, आणि ते कळायला अॅनॅलिटिक्सचा, म्हणजे लोक अॅपमध्ये काय वापरतात त्या आकड्यांचा, अॅक्सेस लागतो. तो मागा. टेस्टरला सहसा कोणी नाही म्हणत नाही, टेस्ट केसेसची प्रायॉरिटी लावायचीय म्हणून सांगा, आणि ते खरंच आहे.

एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) इतपत यावं की साधा प्रश्न असला तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको. आणि ए/बी टेस्टचं, म्हणजे अर्ध्या लोकांना जुनं आणि अर्ध्यांना नवीन दाखवून तुलना करायची त्याचं, गणित समजून घ्या, इथे भले भले तोंडावर आपटतात, मीही आपटलोय. फॉर्म पूर्ण करणारे ४ टक्के होते, नवीन डिझाइनला ५ टक्के दिसले, दोन्हीकडे जेमतेम पाचशे-पाचशे लोक, आणि मी मीटिंगमध्ये जाहीर करून मोकळा! आमच्या डेटावाल्या ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं की ४ चे ५ झाले हे नेहमीच्या निकषांवर, म्हणजे ९५ टक्के खात्री आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) धरून, ओळखायचं तर एकेका गटात साधारण ६,७०० लोक लागतात. पाचशेच्या ४ टक्के म्हणजे २० माणसं आणि ५ टक्के म्हणजे २५. पाच माणसांवर मी नाचत होतो.

कोणतं काम आधी घ्यायचं ते ठरवायला राइस स्कोअर वगैरे शिकाल, रीच गुणिले इम्पॅक्ट गुणिले कॉन्फिडन्स भागिले एफर्ट, चांगलं आहे, पण त्यात कॉन्फिडन्स ८० टक्के लिहिणाऱ्याला ते ८० कुठून आणलेस म्हणून विचारून बघा, गंमत येते.

उंटावरचा_शहाणा:
सगळे आत ढकलतायत म्हणून मी जरा मागे ओढतो. या कामात जबाबदारी सगळी आणि अधिकार शून्य. डेव्हलपर तुमच्या हाताखाली नसतात, डिझायनर नसतो, सेल्सवाल्याने तर कस्टमरला आधीच शब्द देऊन ठेवलेला असतो. फीचर चाललं तर टीमचं यश, आपटलं तर पीएमने काय बघितलं? अडकित्त्यातली सुपारी. तुम्हाला आज संध्याकाळी कळतं की एवढे टेस्ट पास झाले, काम संपलं. इथे संपलं असं कधी वाटतच नाही, मी एक डॅशबोर्ड हट्टाने करून घेतला, तीन महिने गेले, आणि लोकांना हवं होतं काय तर एक्सेलमध्ये डाउनलोड करायचं बटण. ते कोणाला विचारलंच नव्हतं मी.

सर्टिफिकेटबद्दल, शब्द कळतात, मुलाखतीत गांगरायला होत नाही. तेवढंच. त्यासाठी कर्ज काढू नका.

कोरीपाटी:
सगळ्यांचे आभार. शहाणे, घाबरवलंत खरं, पण ते एक्सेलचं वाचून उलट अजूनच वाटायला लागलं की हे करावं.
बॅकलॉगवाले, आतल्या आत अर्ज म्हणजे नक्की काय करू? मॅनेजरला जाऊन "मला पीएम करा" म्हटलं तर ते हसतील.

बॅकलॉगवाला:
तसं म्हणूच नका. सपोर्टची तिकिटं मागून घ्या, एकाच तक्रारीची पन्नासेक वाचा, पूर्ण वाचा, नुसतं शीर्षक नको. जमलं तर तीनचार लोकांशी बोला, आणि बोलताना "हे फीचर दिलं तर वापराल का" असं विचारू नका, तोंडावर सगळे हो म्हणतात, "मागच्या वेळी हे अडलं तेव्हा तुम्ही काय केलंत" ते विचारा. मग एक पान लिहा. अडचण काय, कोणाला, किती जणांना, आपण काय करू शकतो, त्यातलं काय करू नये आणि का, सुधारलं हे कशावरून कळणार. उपाय शेवटी लिहा, आपण सगळे उपायापासून सुरू करतो तिथेच घोटाळा होतो. मुलाखतीतही हेच पान कामाला येतं, कारण तिथे "एक निर्णय सांगा जो तुम्ही घेतलात" असं विचारतात आणि बहुतेक जण टीमने काय केलं ते सांगत बसतात.

कोरीपाटी:
दोन आठवड्यांनी परत आले. "ओटीपी येत नाही" या तक्रारीची ६४ तिकिटं वाचली. ओटीपी येतोय!! लोक मेसेज बघायला अॅपमधून बाहेर जातात, कमी रॅमचा फोन असला की तेवढ्यात आमचं अॅप बंद पडतं, परत आलं की स्क्रीन पहिल्यापासून सुरू होते आणि नवीन ओटीपी जातो, मग हातातला जुना चालत नाही. तीन जणांशी बोलले, त्यातल्या दोघांनी ओटीपी कागदावर लिहून घेतला होता.

आणि लाज वाटेल असं म्हणजे हा बग वर्षभरापूर्वी आला होता, "रिप्रोड्यूस होत नाही", म्हणजे आमच्याकडे परत घडत नाही, म्हणून बंद केलेला. बंद करणारी मीच. आमचे टेस्टिंगचे फोन सगळे नवे कोरे.

आकडेमोड:
भारी! लॉगिन सुरू करून अर्धवट सोडणाऱ्यांत कमी रॅमवाले किती ते काढा, पानात तो आकडा पहिल्या ओळीत पाहिजे.

बॅकलॉगवाला:
आणि बग मीच बंद केला होता हेही लिहा पानात. पाठवलं का मॅनेजरला?

कोरीपाटी:
लिहून तयार आहे, ड्राफ्टमध्ये पडलंय. आकडा मिळाला की उद्या पाठवते.