शनिवारी आमच्याच गेटमधून आमची गाडी निघत नाही, किती दिवस सहन करायचं?

पोफळीखालचा:
अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरचं आमचं गाव, नाव मुद्दाम देत नाहीये. मेन रोडपासून समुद्रापर्यंत सगळ्या वाड्या आणि मधून एक वाट, आजोबांच्या वेळेला बैलगाडीपुरती होती ती आजही तेवढीच आहे, फक्त आता तिच्यात फॉर्च्युनर घुसते. गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला बाबांच्या छातीत दुखायला लागलं (नंतर गॅस निघाला, पण तेव्हा काय माहीत), गाडी काढायला गेलो तर गेटला आडवी इनोव्हा. काचेवर फोन नंबर नाही, हॉर्न मारून उपयोग नाही कारण शेजारच्या कॉटेजच्या लॉनवर स्पीकर असा दणकतोय की आमच्या पडवीतली भांडी थरथरतायत. शेवटी टॉर्च घेऊन किनाऱ्यावर गेलो, ड्रायव्हर सुरूच्या झाडाखाली झोपलेला सापडला. पंचवीस मिनिटं गेली यात. वर मालक म्हणतो, एवढं काय झालं दादा, काढतोय ना.

२०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रोरो (गाड्यासकट माणसं नेणारी बोट) चालू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू उघडला. पूर्वी माणूस गेटवेवरून लाँचने यायचा, मांडव्यावरून बस नाहीतर सहा सीटर, गावात आला की चालायचा. आता गाडीसकट येतो आणि गाडी थेट खोलीच्या दारात लागली पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, ज्याच्याकडे जितक्या गाड्यांची जागा तितकंच बुकिंग त्याने घ्यावं. बोला.

वाडीतली ताई:
बोलते. ३ जून २०२० विसरलात का? निसर्ग वादळात आमची अर्ध्याहून जास्त वाडी आडवी झाली, नारळ पडले, पोफळी तर काडेपेटीच्या काड्यांसारख्या मोडल्या. नवीन पोफळ लावली की पाच-सहा वर्षं सुपारीचं तोंड बघायचं नाही, तोपर्यंत मुलांच्या फिया कशातून भरायच्या? तीन खोल्या काढल्या, मोदक आणि सुरमई थाळी चालू केली, त्यावर घर उभं राहिलं. शनिवार-रविवारचे दोन दिवस मिळतात, पावसाळ्यात तेही नाहीत. तुम्हाला पगार आहे म्हणून तुम्हाला शांतता सुचते.

पोफळीखालचा:
ताई, पगार आहे खरा पण वाडी आमचीपण पडली होती. थाळीला कोण नाही म्हणतंय, मी रस्त्याबद्दल बोलतोय.

शुक्रवारी निघतो:
मी तो पर्यटक ज्याला तुम्ही सगळे शिव्या घालताय. पहाटे पाचला घर सोडलं, वडखळ ते अलिबाग अंतर काय असेल हो, पण त्या एकाच पट्ट्यात दोन तास गेले, पोरगं मागे ओकलं. गावात शिरताना पावती फाडली, कसली विचारलं तर म्हणे स्वच्छतेची, ठीक आहे. पुढे पार्किंगची एक पाटी नाही, बायकांसाठी धड टॉयलेट नाही, कॉटेजवाला फोनवर म्हणाला होता 'पार्किंग अव्हेलेबल' आणि पोचल्यावर हात लांब करून दाखवतो, तिकडे कडेला लावा. मी लावली. ती कड तुमच्या गेटची आहे हे मला कसं कळणार? आधी आपल्याच गाववाल्याला विचारा ना की त्याने मला खोटं का सांगितलं.

बनाना राईड:
हा बरोबर बोलला. पण साहेब तुमच्यातलेच काही जण गाडी थेट वाळूत घालतात, रील काढायला. भरती कधी हे बघायचंच नाही. आम्ही सांगतो ओली वाळू आहे, रुतेल, तर काच वर करतात. मग दोन तासांनी पाणी चाकाला लागलं की तोच माणूस 'भाऊ भाऊ' करत येतो आणि मग आम्ही ट्रॅक्टर लावतो. दोन हजार घेतो. घासाघीस केली की थांबतो थोडा, भरती थांबत नाही 😄

शांत किनारा:
मी पुण्याचा, इथे छोटा बंगला बांधलाय निवृत्तीनंतरसाठी. माझ्या मते खरा त्रास पार्किंगचा नाही, आवाजाचा आहे. शांततेसाठी आयुष्याची पुंजी घातली आणि शनिवारी कानात कापूस घालून झोपतो. अशा पार्ट्यांवर सरसकट बंदी हवी, आणि दिवसभर येणाऱ्या बसच्या टुरवाल्यांवरपण.

पोफळीखालचा:
काका आवाजाबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण एक सांगू का, तुमच्यासारख्या बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती झाल्या आणि आमच्या समुद्रावर जायच्या तीनपैकी दोन वाटा बंद पडल्या, कागदावर त्या तुमच्याच असतील, पण पूर्वी कोणी अडवत नव्हतं. आता सगळं गाव, सगळ्या गाड्या, घोडागाडी, आईस्क्रीमवाला, सगळे उरलेल्या एका वाटेने. गर्दी फक्त शनिवारवाल्यांनी नाही केली.

शांत किनारा:
मी रीतसर सातबारा बघून घेतलेली जागा आहे. वाट कुठेही नोंदलेली नव्हती.

वाडीतली ताई:
नोंद कुठून असणार, आमच्या सासूबाई रोज त्याच वाटेने मासळी आणायला जायच्या, त्यांनी काय तलाठ्याकडे जाऊन लिहून घ्यायचं होतं?

डेसिबल:
आवाजाचं जरा नीट बोलूया कारण सगळे नुसते वैतागतायत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सणासुदीला सरकार मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट देतं तेवढीच. बंद हॉलला वेगळा नियम, पण लॉन म्हणजे हॉल नव्हे, वर मांडव घातला तरी. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि लोकांना माहीत नसतं ते हे, की दिवसासुद्धा खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलच्या वर गेला तर तेही नियमाबाहेर. म्हणजे 'माझी जागा, माझा स्पीकर' चालत नाही. ११२ ला फोन करा.

पोफळीखालचा:
केला की. गाडी आली, आवाज बंद, सगळे शहाण्यासारखे खुर्चीत. गाडी कोपऱ्यावर वळली, परत चालू. दुसऱ्यांदा फोन करायला मलाच लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तीन जणांनी विचारलं, तूच का रे तो तक्रारवाला.

शुक्रवारी निघतो:
मग स्पीकर देतो कोण? मी मुंबईवरून डोक्यावर घेऊन येत नाही. पॅकेजमध्ये असतो, 'म्युझिक सिस्टीम विथ लॉन'. जो भाड्याने देतो त्याने दहाला वायर काढावी, एवढं सोपं आहे. पाहुणे चिडतील, एक स्टार कमी देतील, मरणार नाहीत.

वाडीतली ताई:
एक स्टार कमी झाला की पुढच्या महिन्याचं बुकिंग जातं दादा, तुम्हाला सोपं आहे बोलायला. तरी आमच्याकडे स्पीकर नाहीच. पत्ते देते, कॅरम देते.

बनाना राईड:
एक विचारू का मेन पोस्टवाल्याला? ते शेजारचं लॉनवालं कॉटेज कोणाचं आहे? मला वाटतं मी गाव ओळखलं 😄 तिथल्या पाहुण्यांना मीच राईडला नेतो.

पोफळीखालचा:
ओळखलंस तर लपवून काय करू. चुलत भावाचं आहे. सहा खोल्या, आत जागा चार गाड्यांची. लॉन आहे ते पूर्वी आमचं सामाईक खळं होतं, आमचा अर्धा हिस्सा त्यालाच भाड्याने दिलाय, अकरा महिन्यांच्या करारावर. म्हणजे मी ज्या आवाजाला शिव्या घालतोय त्याचं भाडं आमच्याच घरात येतं. आता म्हणा काय म्हणायचं ते.

शांत किनारा:
धन्य आहात.

वाडीतली ताई:
हसू की रडू. आणि मला पगार सांगत होता.

पोफळीखालचा:
पगाराचं तुम्ही काढलंत ताई. असो. काल रात्री भावाशी बोललो, आधी भांडण मग चहा. करार मे महिन्यात संपतोय. मी सांगितलंय की आमच्या अर्ध्या खळ्यात यापुढे लॉन नाही, तिथे गाड्या लागतील, आडवी एकही नाही, आणि स्पीकरचा प्लग दहाला काढायचा नाहीतर करार पुढे नाही. तो म्हणतोय लॉन अर्धं झालं तर साखरपुड्याची बुकिंग जातील. जाऊ देत. आई म्हणते भावाशी वैर नको. बाबा काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की गाड्या लावायचे पैसे घेणार का.

बनाना राईड:
घेणार का?

पोफळीखालचा:
घेणार. गाडीला १००. काचेवर फोन नंबर लावला तर ५०.