समीक्षकांचे ५९, प्रेक्षकांचे ९५: नेमका कुठला आकडा धरायचा?

तिसरी_घंटा

चौघांची मल्टिप्लेक्सची तिकिटं काढायची म्हटलं की आधी चार ठिकाणचे आकडे बघणं आलंच. पण ते एकमेकांशी जुळतील तर शपथ. 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' (२०२३) घ्या. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर समीक्षकांचे ५९ टक्के, म्हणजे 'सडका' शिक्का. प्रेक्षकांचे ९५. मेटाक्रिटिक या तशाच दुसऱ्या साइटवर १०० पैकी ४६. आणि जगभरची कमाई १३० कोटी डॉलरच्या वर! उलट नेटफ्लिक्सचा 'द इलेक्ट्रिक स्टेट' (२०२५) समीक्षकांनी धुऊन काढला, पंधरा टक्क्यांच्या आसपास, तरी पहिल्या आठवड्यात तिथल्या यादीत एक नंबरला. समीक्षक आणि प्रेक्षक वेगवेगळे चित्रपट बघतात का? तिकीट काढण्याआधी यातलं नक्की काय बघावं, हे जाणकारांनी सांगावं. 'समीक्षक विकले गेलेत' छापाचे प्रतिसाद नकोत, ते इतर धाग्यांवर भरपूर आहेत.

कट_टू_क्लोजअप

टोमॅटोमीटरला, म्हणजे रॉटन टोमॅटोजच्या त्या समीक्षक-टक्केवारीला, गुणपत्रिका समजल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. ती हात वर करून घेतलेली मोजणी आहे. प्रत्येक परीक्षणाला 'बरं' किंवा 'वाईट' यापैकी एकच शिक्का बसतो (तो समीक्षक स्वतः लावतो, नाहीतर साइटचे संपादक परीक्षण वाचून लावतात) आणि 'बरं' म्हणणाऱ्यांची टक्केवारी निघते. ६० किंवा जास्त असेल तर लाल टोमॅटो, ५९ ला हिरवा चिखल. मारिओ त्या रेषेच्या एका पायरीखाली राहिला, एवढंच.

हिशेब करून बघा. दहा समीक्षकांपैकी प्रत्येकाने १० पैकी ६ दिले. सगळ्यांचं मत 'ठीक आहे, बघा', म्हणून टोमॅटोमीटर १०० टक्के. आता दुसरा चित्रपट: सहा जणांनी ९ दिले, चौघांनी ४. टोमॅटोमीटर फक्त ६०, पण सरासरी ७. म्हणजे ज्यावर सहा जण अक्षरशः फिदा आहेत तो कागदावर मागे, आणि कुणालाच फारसा न आवडलेला पुढे. काही सुपरहिरोपटांना ८५-९० टक्के सहज का मिळतात आणि धाडसी चित्रपट साठीत का अडकतात, याचं एक मोठं कारण हे गणितच आहे.

त्यामुळे टक्क्यांच्या जोडीने दोन गोष्टी बघायच्या: १० पैकी सरासरी आणि परीक्षणांची संख्या. शोधाशोध करायची नसेल तर त्या चित्रपटाचं इंग्रजी विकिपीडिया पान उघडा. समीक्षकांच्या प्रतिसादाच्या विभागात टक्केवारी, सरासरी, परीक्षणांची संख्या, मेटाक्रिटिक आणि सिनेमास्कोअर (पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी दिलेली श्रेणी) असं सगळं साधारण एका परिच्छेदात मिळतं.

मेटाक्रिटिक प्रत्येक परीक्षणाला १०० पैकी गुण देतं आणि त्यांची भारित सरासरी काढतं, म्हणजे काही प्रकाशनांचं वजन जास्त. कुणाचं किती, ते मात्र गुलदस्त्यात. ६१ पासून हिरवा, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. मारिओचे ४६ पिवळ्यात पडतात. 'समीक्षकांनी नाकारला' हे मथळ्यापुरतं ठीक. खरं तर बहुतेकांचं मत 'मुलांना न्या, स्वतः फार अपेक्षा ठेवू नका' इतपतच होतं.

बाल्कनी_क_१२

+१. यात सिनेमास्कोअर जोडा, कारण 'समीक्षक की प्रेक्षक' या भांडणात खरा पुरावा तिथे सापडतो. अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरात आलेल्या लोकांना कार्ड भरायला देतात आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी निघते. ही मंडळी मुळात पहिल्या दिवशी पैसे मोजून आलेली, म्हणजे आधीच प्रेमात असलेली. म्हणून इथे 'बी' म्हणजे फार खूश होण्यासारखं नाही आणि 'सी' म्हणजे सरळ नाराजी. मारिओला 'ए' मिळाली. म्हणजे ज्यांच्यासाठी बनवला त्यांना तो पोचला.

याच्या उलट टोक: 'जोकर: फॉली आ द' (२०२४). श्रेणी 'डी', आणि अमेरिकेत दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई सुमारे ८१ टक्क्यांनी घसरली. मोठ्या चित्रपटांत ५० ते ६० टक्के घसरण नेहमीचीच. ८० च्या वर गेली की समजायचं, बाहेर पडलेल्यांनी फोन करून इतरांना अडवलंय. इथे समीक्षकही नाराजच होते, बरं का. त्यामुळे दोघांचं कायम वाकडं असतं असंही नाही. 'सिनर्स'ला (२०२५) समीक्षकांचे ९७ टक्के आणि वर सिनेमास्कोअर 'ए', तेही भयपटाला. भयपटाच्या प्रेक्षकाला घाबरवून, चिडवून घरी पाठवतात, म्हणून त्या प्रकारात 'बी'सुद्धा चांगली मानतात.

तिसरी_घंटा

बाप रे, बरंच उलगडलं. पण ओटीटीवर कार्ड कोण भरणार? तिथे काय धरायचं? आणि शुक्रवारी सकाळी दिसणारा आकडा सोमवारी घसरलेला का असतो?

रात्रपाळी

ओटीटीवर सिनेमास्कोअर नाहीच. रॉटन टोमॅटोजच्या प्रेक्षक-आकड्यात 'तिकीट घेतल्याची खातरजमा' ही सोय २०१९ मध्ये आली, पण फक्त ओटीटीवर आलेल्या चित्रपटाचं तिकीटच नसतं. तिथे कुणीही येऊन तारे देतो, न बघताही.

'एक नंबर' हे तर फारच फसवं. नेटफ्लिक्सचा 'व्ह्यू' म्हणजे बघितलेले एकूण तास भागिले चित्रपटाची लांबी. दोन तासांचा चित्रपट ४ कोटी तास चालला तर २ कोटी व्ह्यूज. पण दोघांनी अर्धा अर्धा बघून बंद केला तरी एक व्ह्यू, आणि एकाने शेवटपर्यंत डोळे लावून बघितला तरी एकच. किती जणांनी पूर्ण केला हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय मोठ्या नावांचा नवा चित्रपट ॲप उघडल्याबरोबर पडदाभर समोर येतो. त्यामुळे पहिला आठवडा हा बराचसा जाहिरातीचा आकडा. दुसरा-तिसरा आठवडा बघा. 'केपॉप डीमन हंटर्स' (२०२५) आठवडेच्या आठवडे यादीत टिकून राहिला आणि नेटफ्लिक्सचा सर्वाधिक बघितलेला चित्रपट ठरला. त्याला समीक्षकांचीही नव्वदीपार पसंती होती. 'द इलेक्ट्रिक स्टेट'ला तसं टिकता आलं नाही.

शुक्रवार-सोमवारचं कारण एम्बार्गो. परीक्षण कधी छापायचं ती वेळ स्टुडिओ ठरवतो. आधी प्रीमियरला बोलावलेल्यांना फक्त सोशल मीडियावर दोन ओळी लिहायची मुभा मिळते. तिथे सगळंच 'अफाट' असतं, ते सोडून द्या. मग परीक्षणं खुली होतात. पहिली वीस-तीस परीक्षणं बहुधा त्या प्रकारच्या चित्रपटांवर नेमाने लिहिणाऱ्यांची, म्हणजे मुळात आवड असणाऱ्यांची. दैनिकं, साप्ताहिकं नंतर येतात आणि आकडा खाली बसतो. दीडशेच्या पुढे परीक्षणं गेली की तो फारसा हलत नाही. आणि प्रदर्शनाच्या काही तास आधीपर्यंत परीक्षणं अडवून ठेवली असतील, तर स्टुडिओलाच भरवसा नाही असं समजायला हरकत नाही. अपवाद रहस्यपटांचा; तिथे शेवट फुटू नये म्हणूनही अडवतात.

कट_टू_क्लोजअप

यात पोस्टरवरच्या ताऱ्यांचं राहिलं. 'लेजंड' (२०१५) या ब्रिटिश चित्रपटाचं पोस्टर शोधून बघा. टॉम हार्डी जुळ्या भावांच्या दुहेरी भूमिकेत, सगळीकडे चार-पाच तारे, आणि 'गार्डियन'चे दोन तारे बरोब्बर दोन डोक्यांच्या मधे. बघणाऱ्याला वाटतं, बाकीचे दोन डोक्यांमागे झाकले गेलेत! परीक्षण प्रत्यक्षात दोनच ताऱ्यांचं होतं. खोटा एक शब्द नाही, तरी फसवणूक पूर्ण. कारागिरी म्हणून दाद द्यावी लागते.

'मेगालोपोलिस'च्या (२०२४) ट्रेलरमध्ये तर जुन्या समीक्षकांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेली वाक्यं निघाली आणि वितरकांना तो ट्रेलर मागे घ्यावा लागला. त्यामुळे अवतरणचिन्हात एकच सुटा शब्द आणि त्यापुढे टिंबं दिसली की मूळ परीक्षण उघडायचंच.

पिटातला_प्रेक्षक

हे सगळं हॉलिवूडला लागू. हिंदी-मराठीला तसंच्या तसं लावू नका. रॉटन टोमॅटोजवर हिंदी चित्रपटाला अनेकदा दहा-बारा परीक्षणं, मराठीला बहुधा टक्केवारी काढण्याइतकीही नसतात. 'साबर बोंडं'सारखा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पारितोषिक (२०२५) मिळवणारा असेल तर परीक्षणं मिळतात, पण ती महोत्सवात बघणाऱ्या परदेशी समीक्षकांची. त्यांच्यावरून सांगली-साताऱ्यात चालेल की नाही ते कळायचं नाही.

आपल्याकडे आयएमडीबी या चित्रपटांच्या साइटवर प्रेक्षकांच्या आकड्यावर (१० पैकी) क्लिक करून मतांची विभागणी बघा. १० आणि १ चे दांडे उंच, मधे सपाट मैदान, म्हणजे फॅन क्लबांची मारामारी. तो आकडा टाकून द्या. ७, ८, ९ च्या आसपास उतरती टेकडी असेल तर मतं खरीखुरी. तिकिटं विकणाऱ्या ॲपवरच्या रेटिंगबद्दल सावध राहाच, पण रॉटन टोमॅटोजसुद्धा २०१६ पासून फॅन्डँगो या तिकीट विकणाऱ्या कंपनीकडेच आहे, हेही ध्यानात असू द्या.

वर्तमानपत्रातल्या 'साडेतीन ताऱ्यां'ना फार अर्थ नाही. कुणाला दुखवायचं नसलं की साडेतीन देतात. तारे झाकून शेवटचे दोन परिच्छेद वाचा. उत्तरार्ध, संकलन, लांबी यांबद्दलची कुरकुर तिथेच असते.

तिसरी_घंटा

मग ठरलं: सरासरी, परीक्षणांची संख्या, दुसऱ्या आठवड्याची घसरण. मुलांचा चित्रपट असेल तर सिनेमास्कोअर आधी. बरोबर?

बाल्कनी_क_१२

बरोबर. फक्त घसरण बघायची तर दुसऱ्या सोमवारपर्यंत थांबावं लागेल. तोवर आपल्याकडे इंग्रजी चित्रपटाचे खेळ निम्म्यावर येतात आणि उरतो तो रात्री पावणेअकराचा. मुलांना न्यायचं असेल तर पहिल्या रविवारी सकाळचा खेळ धरा. सिनेमास्कोअर भारतीय वेळेनुसार शनिवारी दुपारपर्यंत आलेला असतो.